बोटीच्या इंजिनचा ऑइल फिल्टर हाताशी आणताना

मासेमारीची बोट असो, गेटवेहून मांडव्याला जाणारी लाँच असो किंवा हौसेने घेतलेली छोटी यॉट असो, इंजिन बसवताना ते केबिनखाली मावते की नाही एवढेच बहुधा पाहिले जाते. त्याचा ऑइल फिल्टर पुढे कोण, कुठून आणि कोणत्या हाताने काढणार याचा विचार होत नाही. आपल्याकडच्या अनेक बोटींतली इंजिने मुळात ट्रकच्या इंजिनांवरून घडवलेली आहेत. ट्रकखाली आडवे होऊन फिल्टर खालून काढता येतो, बोटीत मात्र इंजिनाच्या खाली थेट तळच असतो. त्यात शेजारी डिझेलची टाकी आली की फिल्टर वीतभर फटीत अडकतो आणि तो बदलण्याचे काम दर वेळी ‘पुढच्या फेरीनंतर’ या सबबीवर लांबत जाते. शेवटी बदललाच तर आडवा-तिडवा काढताना त्यातले काळे ऑइल बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, सांडते आणि बिल्ज पंपामार्फत समुद्रात जाते.

यावरचा रूढ उपाय म्हणजे फिल्टर इंजिनवरून उतरवून मोकळ्या जागी, सहसा इंजिनरूमच्या भिंतीवर, बसवणे आणि दोन होज पाइपांनी तो इंजिनाशी जोडणे. काम अवघड नाही, पण ते इंजिनाच्या रक्तवाहिनीवरचे काम आहे. फिल्टरमधून जाणारे ऑइल पंपाच्या पूर्ण प्रवाहाचे असते. एखादा जोड निसटला तर पंप सम्पमधले, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या कुंडातले, सगळे ऑइल काही सेकंदांत बाहेर फेकतो आणि दाबाच्या गेजकडे कोणाचे लक्ष जाण्याआधी बेअरिंगे घासलेली असतात. म्हणून या लेखात हाताच्या सोयीपेक्षा ऑइलच्या वाटेचा विचार जास्त आहे. ज्यांनी हे काम कधी केलेले नाही, पण स्वतः करायचे किंवा निदान मिस्त्रीच्या शेजारी उभे राहून समजून करवून घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी तो लिहिला आहे.

आधी एक प्रश्न: फिल्टरच हलवायला हवा का?

फिल्टरपर्यंत हात का पोहोचत नाही, हे टॉर्च घेऊन नीट पाहावे. पुष्कळदा अडथळा नंतर आलेला असतो: कोणीतरी बॅटरीची पेटी तिथे सरकवलेली असते, बिल्ज पंपाचा पाइप आडवा गेलेला असतो किंवा फळीत एक झाकण कापले तर वरून सरळ हात जाणार असतो. बॅटरीची पेटी हलवणे हे फिल्टर हलवण्यापेक्षा केव्हाही स्वस्त आणि निर्धोक आहे. त्याच आट्यांचा, पण उंचीने आखूड फिल्टर मिळाला तरी कधी कधी प्रश्न सुटतो. मात्र त्याची गाळण्याची क्षमता आणि आतल्या बायपास व्हॉल्व्हचा (फिल्टर तुंबल्यावर उघडणाऱ्या झडपेचा) दाब इंजिन बनवणाऱ्याने सांगितलेल्या फिल्टरइतकाच आहे, याची खात्री करून घ्यावी लागते.

इंजिन वॉरंटीत असेल तर विक्रेत्याकडून लेखी होकार घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. प्रवासी लाँचची महाराष्ट्र सागरी मंडळाकडून पाहणी होते, तेव्हा तिच्या मालकाने इंजिनरूममधला असा बदल सर्व्हेअरच्या कानावर आधीच घालावा. पाहणीच्या दिवशी त्याला तो अचानक दिसणे कोणाच्याच सोयीचे नसते.

कामाची वेळ आपल्याकडे निसर्गाने आणि सरकारने मिळून ठरवून दिली आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, गेटवे–मांडवा प्रवासी लाँचही पावसाळ्यात थांबतात आणि बोटी वर ओढलेल्या असतात. मात्र या काळात मिस्त्री आणि होज बनवणारे दोघेही कामात बुडालेले असतात, त्यामुळे मापे घेणे आणि सामान आणणे मे महिन्यात उरकावे. त्याचा आणखी एक फायदा आहे. बोट पाण्यात चालती असतानाच इंजिन गरम करून जुन्या मांडणीतला ऑइलचा दाब नोंदवता येतो. एक आकडा आयडलवरचा आणि एक नेहमीच्या चालीतला, असे दोन आकडे वहीत लिहून ठेवावेत, कारण काम झाल्यावर तुलना त्यांच्याशीच करायची आहे.

ऑइल कुठून येते आणि कुठे जाते

आज बहुतेक इंजिनांवर पिळून बसवायचा डबा-फिल्टर असतो. तो काढून त्याचे तोंड पाहिले तर मध्ये आट्यांचे एक मोठे छिद्र आणि त्याभोवती लहान छिद्रांचे कडे दिसते. पंपाकडून आलेले ऑइल या कड्यातून आत शिरते, कागदाच्या घड्यांमधून बाहेरून आत गाळले जाते आणि मधल्या छिद्रातून इंजिनात परतते. कड्यातून आत आणि मधून बाहेर, ही दिशा पाठ असली पाहिजे. लहान छिद्रांच्या मागे रबराची एक पातळ चकती असते. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधले ऑइल मागे उतरू नये म्हणून ती असते आणि ती ऑइलला एकाच दिशेने जाऊ देते. दोन्ही होजांची अदलाबदल झाली, तर ऑइल मधून शिरून याच चकतीवर आपटते, वाट बंद होते आणि इंजिन जवळपास कोरडे चालते. या कामातला सर्वांत महागडा घोटाळा हाच आहे.

दुसरी गोष्ट बायपास व्हॉल्व्हची. फिल्टर तुंबला किंवा ऑइल थंड आणि घट्ट असले, तर न गाळलेले का होईना पण ऑइल बेअरिंगांना मिळत राहावे म्हणून हा व्हॉल्व्ह उघडतो. काही इंजिनांत तो ब्लॉकमध्ये, फिल्टरच्या बैठकीपाशी असतो, काहींत फिल्टरच्या डब्यात असतो. तो ब्लॉकमध्ये असेल तर फिल्टरच्या जागी होज जोडण्यासाठी बसणाऱ्या नव्या अडॅप्टरने झाकला जाणार का, हे पाहावे. झाकला जात असेल, तर नव्या ठिकाणचे हेड (ज्यावर फिल्टर पिळला जातो ती बैठक) किंवा फिल्टर बायपास असलेले घ्यावे. इंजिनाच्या पुस्तकात ऑइलच्या वाटेची आकृती असते, ती पाहिल्याशिवाय अंदाजाने चालू नये.

जुन्या इंजिनांवर डब्याऐवजी लोखंडी वाटी, तिच्यात सुटा कागदी फिल्टर आणि मधून जाणारा लांब बोल्ट अशी रचना असते. तिथे साधा अडॅप्टर चालत नाही. त्या इंजिनासाठी खास बनवलेला अडॅप्टर मिळत असेल तरच पुढे जावे, लेथवर घडवून घेण्याचा मोह टाळावा. ब्लॉक आणि फिल्टर यांच्यामध्ये चपटा ऑइल कूलर असेल, तर तो आहे तिथेच ठेवून अडॅप्टर त्याच्या पुढे बसवायचा असतो. गिअरबॉक्सच्या ऑइलचा या सगळ्याशी संबंध नाही.

सामान

लागणाऱ्या वस्तू थोड्या आहेत: ब्लॉकवर फिल्टरच्या जागी बसणारा अडॅप्टर, भिंतीवर बसणारे फिल्टर हेड, दोन होज, त्यांची टोके, वॉशर आणि आधाराचे क्लॅम्प. अडॅप्टर आणि हेड एकाच कंपनीचे संच म्हणून घेतले तर आट्यांची कटकट कमी होते.

आट्यांबाबत घाई करू नये. फिल्टर ज्यावर पिळून बसतो त्या दांड्यावर ३/४ इंच, इंचाला १६ आट्यांचे माप जगभर प्रचलित आहे, तसेच एम२० गुणिले १.५ हे मेट्रिक मापही. एम२० चा फिल्टर पाऊण इंची दांड्यावर फिरत जातो, पण ढिला बसतो, आणि दाब आला की उडू शकतो. होजांच्या टोकांवर अशीच फसवी जोडी म्हणजे बीएसपी (ब्रिटिश) आणि एनपीटी (अमेरिकन) ही पाइपांच्या आट्यांची दोन मानके. अर्ध्या आणि पाऊण इंचात दोन्हींना इंचाला १४ आटे असतात, त्यामुळे सुरुवातीला ते एकमेकांत छान फिरतात. पण आट्याचा कोन एकात ५५ आणि दुसऱ्यात ६० अंश असल्याने शेवटी गळतात. मुंबईत मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर फिटिंगच्या दुकानांत जाताना अडॅप्टर आणि हेड दोन्ही सोबत न्यावेत, तोंडी माप सांगून निपल आणू नये. दुकानदाराकडे आट्यांची गेज असते, ती लावून दाखवायला सांगायला लाजू नये.

हेड निवडताना माझा आग्रह असा की, त्यावर इंजिनाचा मूळचाच फिल्टर बसला पाहिजे. मोठा फिल्टर लावण्याचा मोह होतो आणि त्यात तत्त्वतः गैर काही नाही, पण मूळ फिल्टरच दोन्हीकडे बसत असेल तर वाटेत अडचण आली असता तो पुन्हा ब्लॉकवर लावून घरी परतता येते. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

होज

खरा जीव होजमध्ये आहे, त्यामुळे इथे थोडे सविस्तर लिहितो.

जाडी आधी ठरवावी. होजचे आतले माप अडॅप्टरच्या छिद्रापेक्षा कमी कधीच नसावे. लहान यॉटच्या इंजिनाला अर्धा इंच, म्हणजे चार सूत, पुरते. सहा सिलिंडरच्या इंजिनाला सहा सूत घेतलेले बरे. होजच्या तोंडात जो लोखंडी भाग शिरतो त्याचे छिद्र होजपेक्षा अरुंद असते, ही गोष्ट विसरली जाते. शंका असेल तिथे एक माप वरचे घ्यावे. लांबी जितकी कमी तितका दाबाचा तोटा कमी. काटकोनी एल्बो शक्यतो टाळावेत आणि होजलाच मोठी गोलाई द्यावी.

बाजारात सहज मिळणारा होज म्हणजे एका तारेच्या जाळीचा, एसएई १००आर१ मानकाचा. अर्ध्या इंचात त्याचा कामाचा दाब सुमारे १६० बार असतो आणि इंजिनाचे ऑइल सामान्यतः ३ ते ६ बारवर चालते, तेव्हा दाबाची चिंता नाही. चिंता उष्णतेची आहे. या मानकाचा होज १०० अंश सेल्सिअसपर्यंत सांगितलेला असतो आणि जोराने चालणाऱ्या इंजिनाचे ऑइल त्याच्या आसपास किंवा वरही जाते. म्हणून इंजिन ऑइलसाठी १२० अंश किंवा त्याहून जास्त तापमानाचा होज मागावा आणि होजवर छापलेले वाचून पाहावे. जहाजांवरच्या होजांसाठी एसएई जे१९४२ हे स्वतंत्र मानक आहे. त्याचा होज मिळाला तर उत्तमच. पाण्याचा, हवेचा किंवा डिझेलच्या परतीचा साधा रबरी पाइप, ‘सध्या चालेल’ म्हणून कोणी दिला तरी, घेऊ नये. तसेच खाचेच्या निपलवर पाइप चढवून पत्र्याचा क्लॅम्प आवळणे इथे वर्ज्य आहे. गरम रबर मऊ पडते आणि पाइप सरकतो. टोके मशीनवर क्रिम्प केलेलीच, म्हणजे दाबून पक्की बसवलेलीच, हवीत.

लांबी मोजण्यासाठी तेवढ्याच जाडीचा बागेतला पाइप प्रत्यक्ष मार्गावर फिरवून पाहावा. रबरी माउंटांवरचे इंजिन सुरू होताना आणि बंद होताना चांगलेच हलते, म्हणून होज ताणून बसेल असा मोजू नये. थोडी सैल कमान ठेवावी. होजला वळवण्याचीही मर्यादा असते: एका जाळीच्या अर्ध्या इंची होजसाठी वळणाची किमान त्रिज्या सुमारे १८० मिमी आणि पाऊण इंचीसाठी सुमारे २४० मिमी धरतात. त्याहून घट्ट वळवल्यास होज आतून चपटा होतो किंवा टोकापाशी तुटतो. एका टोकाला एल्बो घेणारच असाल, तर दुसऱ्या टोकाच्या तुलनेत तो कोणत्या दिशेला हवा हे क्रिम्प करणाऱ्याला खुणेने दाखवावे, नाहीतर बसवताना होज पिळला जातो. होजच्या अंगावर छापलेली सरळ रेघ बसवल्यानंतरही सरळच दिसली पाहिजे.

आता स्वच्छता. होज कापताना चाकाने रबराचा भुगा आणि तारेचे कण आत उडतात. इंजिनाकडून फिल्टरकडे जाणाऱ्या होजमधली घाण निदान फिल्टर अडवेल. पण फिल्टरकडून इंजिनात परतणाऱ्या होजमध्ये जे काही असेल ते थेट बेअरिंगमध्ये जाणार, त्याच्या पुढे कोणतीही गाळणी नाही. क्रिम्प झाल्यावर दोन्ही होज स्वच्छ डिझेलने दोन्ही टोकांकडून धुवावेत, कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकावेत आणि लगेच दोन्ही टोकांना बुचे लावावीत. दुकानातून बोटीपर्यंत उघडी टोके घेऊन जाणे म्हणजे मशीद बंदरची धूळ इंजिनाला भरवणे आहे. चिंधी आत सारून पुसू नये, कारण तिचे धागे आत राहतात.

जागा ठरवणे

फिल्टर तोंड वर आणि डबा खाली अशा उभ्या अवस्थेत लटकेल अशी जागा उत्तम, कारण काढताना ऑइल डब्यातच राहते आणि बदलण्याआधी नवा फिल्टर भरून लावता येतो. उंची साधारण जुन्या फिल्टरइतकीच असावी. फार वर बसवला तर इंजिन बंद असताना ऑइल मागे उतरते आणि सकाळी सुरू करताना दाब यायला उशीर लागतो. डब्याखाली एक बादली किंवा ट्रे जाईल एवढी जागा आणि पट्टा-पाना फिरेल एवढी मोकळीक समोरून हवी. हे सारे खटाटोप त्यासाठीच तर आहे.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, टर्बो आणि सायलेन्सरचा कोरडा पाइप यांच्या वर किंवा शेजारी फिल्टर आणि त्याचे जोड कधीही येऊ देऊ नयेत. मोठ्या जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय ‘सोलास’ नियमांत २२० अंशांहून गरम होणारे पृष्ठभाग आच्छादलेले असावे लागतात, ते गळलेले तेल त्यांवर पडून पेटते म्हणूनच. लहान बोटीला तो नियम लागू असो वा नसो, आग तीच असते. आपल्या मासेमारी बोटींत एक्झॉस्टवर गुंडाळलेली दोरी जागोजागी सुटलेली असते आणि ऑइलने भिजलेली दोरी वातीसारखी पेटते, तेव्हा या कामाबरोबर तीही नवी करून घ्यावी.

भिंत प्लायवुडची किंवा फायबरची असेल तर स्क्रूवर विसंबू नये. भरलेला फिल्टर, हेड आणि होजांचे वजन दिवसरात्र थरथरत राहते. आरपार बोल्ट, मागे धातूची किंवा जाड प्लायची पट्टी आणि नायलॉक नट वापरावेत. स्टेनलेस ३१६ चे बोल्ट घ्यावेत. भोक पाडण्याआधी भिंतीमागे टाकी किंवा वायरिंग नाही ना, हे पलीकडे जाऊन पाहावे.

बसवणी

१. इंजिन कोमट असताना जुने ऑइल हातपंपाने उपसून घ्यावे आणि बॅटरीचा मुख्य स्विच बंद करावा. जुना फिल्टर काढताना त्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळावी.

२. जुन्या फिल्टरचे रबरी वॉशर ब्लॉकला चिकटून राहिले नाही ना, हे बोट फिरवून तपासावे. दोन वॉशर एकावर एक आले की दाब येताच वरचे फाटून बाहेर येते. बैठक पुसून कोरडी करावी.

३. अडॅप्टर बसवण्यापूर्वी त्याच्या एका छिद्रातून फुंकर मारून पाहावी. हवा कड्याकडून आली तर ते छिद्र इंजिनातून बाहेर येणाऱ्या ऑइलचे. मधून आली तर ते परतीचे. त्यावर लगेच रंगाने खूण करावी. अडॅप्टरवर ‘इन’ लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ इंजिनाच्या आत असा असू शकतो आणि हेडवरच्या ‘इन’चा अर्थ फिल्टरच्या आत असा असतो, म्हणून ‘इन’ला ‘इन’ जोडण्याची चूक अगदी सहज होते. अडॅप्टरचे ‘आउट’ हेडच्या ‘इन’ला गेले पाहिजे. हेडही असेच फुंकून पाहावे.

४. अडॅप्टरच्या ओ-रिंगला स्वच्छ ऑइल चोळून, होजांची तोंडे मोकळ्या बाजूला येतील असे धरून मधला बोल्ट संचाच्या पत्रकातील टॉर्कने आवळावा. पत्रक फेकून दिलेले असेल, तर ते दुकानातून पुन्हा मिळवावे.

५. आट्यांवर टेफ्लॉन टेप लावू नये. तिचे तुकडे सुटून ऑइलच्या बारीक वाटांत अडकतात. समांतर आट्यांना धातू-रबराचा डाउटी वॉशर आणि निमुळत्या आट्यांना द्रव सीलंट, तोही पहिले दोन आटे मोकळे सोडून, वापरावा.

६. होज जोडताना एका पान्याने निपल धरून दुसऱ्याने नट आवळावा, म्हणजे होज पिळत नाही. साधारण दर फूट-दीड फुटावर रबर लावलेला क्लॅम्प द्यावा. बेल्ट, फ्लायव्हील आणि शाफ्टचा कपलिंग यांपासून होज दूर ठेवावा. स्टार्टरच्या जाड वायरीपाशी विशेष काळजी घ्यावी: तिथे घासून रबर झिजले की आतली तारेची जाळी थेट करंटला लागते आणि मग ठिणगीही तिथेच आणि ऑइलही तिथेच. घासण्याची शक्यता असेल तिथे होजवर सर्पिल प्लास्टिक गार्ड चढवावा.

७. नवा फिल्टर स्वच्छ ऑइलने भरून लावावा, पण ऑइल बाहेरच्या लहान छिद्रांतूनच ओतावे, म्हणजे ते गाळूनच पुढे जाईल. वॉशर टेकल्यावर फिल्टरवर छापलेले असेल तेवढे, सामान्यतः पाऊण फेरा, हातानेच आवळावे. पान्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी निघत नाही.

ऑइल किती जास्त लागेल

फिल्टर तोच असेल तर जास्तीचे ऑइल मुख्यतः होजांचे. अर्धा इंची होजमध्ये मीटरला सुमारे १२७ मिलिलिटर, पाच सुतीमध्ये २०० आणि पाऊण इंचीमध्ये सुमारे २८५ मिलिलिटर ऑइल मावते. पाऊण इंचाचे दीड-दीड मीटरचे दोन होज असतील तर जवळपास ८५० मिलिलिटर झाले. हे ऑइल पहिल्यांदा सुरू केल्यावर होजांत जाते आणि सम्पमधली पातळी तेवढी उतरते, म्हणून जास्तीचे ऑइल हाताशी ठेवावे. पण आधीच ओतून डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या पुढे जाऊ नये.

पहिल्यांदा सुरू करताना

इंजिन सुरू होणार नाही अशी व्यवस्था, म्हणजे स्टॉप लिव्हर ओढून धरणे किंवा स्टॉप सोलेनॉइडची (विजेने डिझेल तोडणाऱ्या भागाची) सोय पाहणे, करून स्टार्टर दहा-पंधरा सेकंद फिरवावा, मिनिटभर थांबावे आणि गेजवर दाब दिसेपर्यंत पुन्हा फिरवावा. ज्या बोटीत थंड करणारे समुद्राचे पाणी एक्झॉस्टमध्ये सोडलेले असते, तिथे हे करताना सी-कॉक, म्हणजे समुद्राचे पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, बंद ठेवावा. इंजिन न पेटता नुसते फिरत राहिले तर सायलेन्सरमध्ये साचलेले पाणी बाहेर ढकलायला धूर नसतो आणि ते उलटे सिलिंडरमध्ये शिरू शकते. मात्र इंजिन सुरू करण्यापूर्वी सी-कॉक उघडायचाच आहे; विसरू नये म्हणून किल्लीला चिंधी बांधून ठेवण्याची जुनी रीत चांगली आहे.

दाब आला की इंजिन आयडलवर सुरू करावे. एकाने गेजकडे पाहावे आणि दुसऱ्याने टॉर्चने प्रत्येक जोड पाहावा. काही सेकंदांत दाब आला नाही तर लगेच बंद करून होजांची दिशा पुन्हा तपासावी. रेस देऊन दाब ‘आणण्याचा’ प्रयत्न करू नये. दोन-तीन मिनिटांनी बंद करून, दहा-पंधरा मिनिटे थांबून डिपस्टिक पाहावी आणि खुणेपर्यंत ऑइल भरावे. हे बोट सरळ तरंगत असतानाच करावे. वर्सोव्याच्या किंवा ट्रॉम्ब्याच्या खाडीत ओहोटीला बोट चिखलात एका कुशीवर बसते, अशा वेळी डिपस्टिक खोटे सांगते. कोणी त्यावर विश्वासून ऑइल भरले की भरतीला ते जास्त निघते.

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर मे महिन्यात लिहिलेल्या दोन आकड्यांशी दाब ताडून पाहावा. किरकोळ फरक अपेक्षित आहे, पण अर्ध्या बारच्या आसपास उतार दिसला तर होज कुठे दबला आहे का, एल्बो जास्त झाले का, हे शोधावे. इथे एक खबरदारी आहे. गेजचा सेन्सर फिल्टरच्या आधी असेल तर नव्या होजांतला तोटा त्याला दिसतच नाही. सेन्सर कुठे आहे ते पुस्तकातल्या आकृतीवरून समजते. तो आधीचा असेल तर मिस्त्रीकडून फिल्टरनंतरच्या मुख्य वाटेवर तात्पुरते गेज लावून एकदा मोजून घ्यावे.

पुढची देखभाल

पहिल्या फेरीनंतर प्रत्येक जोडाखाली पांढरा कागद धरून गळती पाहावी. फिल्टरच्या शेजारी भिंतीवर फिल्टरचा नंबर, होजचे माप, बसवल्याची तारीख आणि एकूण ऑइल किती लागते हे रंगाने लिहून ठेवावे, कारण पुढचा खलाशी किंवा मिस्त्री वेगळा असू शकतो. होजवर भेगा, फुगवटा किंवा टोकापाशी ओल दिसली की दोन्ही होज एकदम बदलावेत. दिसायला चांगले असले तरी काही वर्षांनी ते बदलणे शहाणपणाचे आहे. रबर आतून कडक होते आणि ते बाहेरून दिसत नाही. उतरवलेला फिल्टर ट्रेवर रात्रभर उपडा ठेवून निथळू द्यावा. वापरलेले ऑइल २०१६ च्या नियमांनुसार धोकादायक कचऱ्यात मोडते, ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्यावे.

बोटीवर कायम ठेवायच्या वस्तू अशा: मूळ नंबरचा एक नवा फिल्टर, अडॅप्टर काढायला लागणारा पाना, ब्लॉकमधला मूळ दांडा काढावा लागला असेल तर तो दांडा, आणि एकदा पूर्ण भरता येईल एवढे ऑइल. समुद्रात होज फुटला तर इंजिन ताबडतोब बंद करून नांगर टाकावा, अडॅप्टर उतरवून जुन्या जागी थेट ब्लॉकवर फिल्टर लावावा, ऑइल भरावे, वरीलप्रमाणे स्टार्टर फिरवून दाब आल्याची खात्री करावी आणि मगच किनाऱ्याकडे निघावे.